धर्म लाभला, प्रभू लाभला का? – पंडिता रमाबाईंची श्रद्धायात्रा

बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या दरम्यान चामटोली हे गाव आहे. दि. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला महापूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या परिसरात पाण्याने वेढली गेली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते व त्यांत काही गरोदर माताही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक ग्रामस्थ मदतीला धावले व सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी कोणी कोणाला धर्म विचारला नाही. पाण्यात उतरणाऱ्याच्या गळ्यात क्रूस होता की तुळशीची माळ होती, हे पाहण्याचे भान कोणालाही नव्हते.

या घटनेची आठवण आम्ही येथे एका विशेष कारणासाठी काढत आहोत. हाच लोहमार्ग बोरघाट चढून पुण्याला जातो आणि तेथून दौंडच्या दिशेने पुढे गेल्यावर केडगाव लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या केडगावच्या माळरानावर एका विधवा स्त्रीने दुष्काळाने ग्रासलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या समाजकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ख्रिस्ती म्हणवून घेणे आणि ख्रिस्ताचे होणे यांत किती अंतर असू शकते, हे त्यांनी स्वतःच्या जीवनात अनुभवले आणि निर्भयपणे जगापुढे कबूल केले. त्यांच्या चरित्रातील हा धागा आपल्यासारख्या जन्माने ख्रिस्ती असलेल्या भाविकांनी अवश्य अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

पंडिता रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार इंग्लंडमधील अँग्लिकन पंथात झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्यावरील आपल्या हुकूमनाम्यात, आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींमध्येही पवित्र आत्म्याची कृपादाने कार्यरत असतात, हे स्पष्टपणे मान्य केले आहे. त्या दृष्टीने आपण या जीवनाकडे पाहू या.

तीर्थयात्रेतील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा कटाक्ष असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले आणि त्यापायी पंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई आईकडून शिकल्या. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे चालतच राहिले. गावोगावी मंदिरात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर उदरनिर्वाह करावा, दानधर्म करावा, व्रते पाळावीत, असा त्यांचा क्रम होता. अनंतशास्त्री मनाने अत्यंत सरळ होते. देवाला शोधण्यात त्यांनी कधी कसर केली नाही. त्यांच्या श्रद्धेविषयी रमाबाईंनी आयुष्यभर आदरच बाळगला. परंतु १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जवळचे सारे द्रव्य संपले. देवळातल्या पुराणिकाला भीक मागणे लाजिरवाणे आणि मजुरी करणे त्याहून लाजिरवाणे, अशा विचित्र कोंडीत हे कुटुंब सापडले. आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण उपासमारीने दगावली.

मागे राहिलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास यांनी पायी भारत पालथा घातला. उपासतापास आणि व्रतवैकल्ये काही काळ चालूच होती, परंतु मनातील विश्वास हळूहळू विझत गेला. भुकेने मेलेल्या आईवडिलांची आठवण सोबत बाळगणाऱ्या या मुलीला धर्माचे बाह्य रूप यापुढे सहज समाधान देणार नव्हते. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही तिची हीच चिकित्सक वृत्ती कायम राहिली.

खुर्च्यांपुढची प्रार्थना

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. रमाबाईंची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या बहाल केल्या. त्याच शहरात त्यांनी प्रथमच ख्रिस्ती लोकांचा एक मेळावा पाहिला. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा उपस्थित मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली व त्यांनी डोळे मिटले. समोर मूर्ती नाही, काही नाही. हे लोक बहुधा खुर्च्यांचीच पूजा करतात, अशी या भावंडांची समजूत झाली. ही आठवण रमाबाईंनी स्वतः नमूद करून ठेवली आहे.

वाचताना हसू येते, परंतु क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या मिस्साबलिदानाला प्रथमच आलेल्या परक्या माणसाला आमच्या गुडघे टेकण्यातून काय दिसत असेल? आमच्या मुद्रेवरून, आमच्या वर्तनावरून आम्ही कोणापुढे वाकलो आहोत हे त्याला उमगते का? की आम्हीही बाकांपुढे गुडघे टेकून परत जातो?

१८८० साली श्रीनिवासचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरील हा विवाह त्या काळी मोठे धाडस होते. आसामातील वास्तव्यात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांनी ओढीने वाचली. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी कॉलऱ्याने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या होत्या.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांच्या शिक्षणाचा व वैद्यकीय उपचारांचा प्रश्न मांडला. पुढील शिक्षणासाठी १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या.

स्नानसंस्कार आणि त्यानंतर

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. या भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथे एक केंद्र होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा होत असे. रमाबाई हे दृश्य पाहून थक्क झाल्या. अशा स्त्रियांना जवळ करणारे कोणी त्यांनी आजवर पाहिले नव्हते. या सेवेमागचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची हकिकत सांगितली. रमाबाईंच्या मनाचा ठाव घेतला तो या सेवेने आणि त्या सेवेमागील प्रभूने. दि. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने वाँटेज येथे स्नानसंस्कार स्वीकारला.

इकडे महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. अनेकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. परंतु रमाबाईंची खरी कसोटी लागली ती ख्रिस्ती लोकांमध्येच. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात त्या शिकत व शिकवत असताना त्यांचे आणि धर्मभगिनींचे वारंवार मतभेद होऊ लागले. रमाबाई पांढरे लुगडे नेसत आणि शाकाहारी राहत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात जुना अभिमान दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्याला कळणारी संस्कृत का नसावी, असा प्रश्न रमाबाईंनी विचारला. धर्मसिद्धान्त समजल्याखेरीज केवळ आज्ञा म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नसत.

येथे एका बाजूने निवाडा देणे योग्य होणार नाही. धर्मभगिनींचे प्रेम निखळ होते आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेविषयीची त्यांची तळमळही प्रामाणिक होती. आम्हां कॅथॉलिकांच्या दृष्टीने श्रद्धेतील आज्ञापालन हे काही कमी मोलाचे नाही. तरीही रमाबाईंचा प्रश्न विचार करण्यासारखा होता. वेश, आहार, भाषा आणि रिवाज बदलले म्हणजे माणूस ख्रिस्ती होतो काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण मिस्सा मायबोलीत साजरा करू लागलो. कळणाऱ्या भाषेची हीच मागणी एका मराठी स्त्रीने किती आधी मांडली होती, हे पाहून नवल वाटते.

आठ वर्षांनंतरची कबुली

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि त्यातून बॉस्टन येथे त्यांच्या नियोजित कार्यासाठी एक साहाय्यक मंडळ उभे राहिले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. १८९० साली ते पुण्याला हलवण्यात आले.

बाहेरून पाहता आता सर्व काही ठीक होते. स्नानसंस्कार झाला होता, नियमित प्रार्थना होती, बायबलचे वाचन होते, परोपकाराचे कार्य होते आणि देशोदेशी नावलौकिक होता. परंतु आत काहीतरी उणे आहे, ही जाणीव रमाबाईंना अस्वस्थ करत होती. अशा वेळी विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा धर्मगुरू वर्षानुवर्षे वेदीवर उभा राहत होता, प्रवचने देत होता, परंतु आपलेच परिवर्तन झालेले नाही हे त्याला उमगले आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे डोळे उघडले. हे वाचताना रमाबाई अंतर्मुख झाल्या. स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळून चुकले की, ख्रिस्ती धर्म आपल्याला लाभला आहे आणि तो चांगलाही वाटतो आहे, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही. त्यांनी आपल्या पापांसह आणि विद्वत्तेसह स्वतःला प्रभूच्या स्वाधीन केले. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही गोष्ट कोणताही आडपडदा न ठेवता लिहिली.

आम्ही धर्मगुरू हे चरित्र वाचताना हॅस्लमच्या प्रसंगापाशी अडखळतो. वेदीजवळचा नित्य वावर हा मोठा आशीर्वाद आहे, तसाच तो मोठा धोकाही आहे. पवित्र वस्तू हाताळण्याची सवय जडली की त्यांचे भय आणि विस्मय कमी होतो. प्रवचन इतरांसाठी तयार होते आणि ते सांगणाऱ्याला शिवतही नाही. हा धोका केवळ वाचकांना आहे आणि आम्हांला नाही, असे म्हणणे आम्हांस शक्य नाही.

त्याचबरोबर एक गैरसमज टाळायला हवा. रमाबाईंचा पहिला स्नानसंस्कार निष्फळ होता, असा याचा अर्थ नव्हे. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार स्नानसंस्काराची कृपा ही देवाची देणगी आहे आणि ती खरीच मिळते. परंतु स्नानसंस्कारानंतर श्रद्धा वाढली पाहिजे, हीदेखील ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. म्हणून तर दरवर्षी पास्काच्या जागरणविधीत हातात मेणबत्ती घेऊन आपण स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करतो. बी पेरलेले असते. ते उगवले की नाही, हे आपण कधी वाकून पाहतो का, एवढाच रमाबाईंचा प्रश्न आहे.

उघडे ठेवलेले दार

अंतःकरणातील या बदलाची किंमत लवकरच मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाईंनी कोणत्याही मुलीवर प्रार्थनेची सक्ती केली नाही. मात्र स्वतः प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दारही त्यांनी बंद केले नाही. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यातील वृत्तपत्रांतून गदारोळ झाला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

थोडे दिवस दार लावून घेतले असते, तर प्रतिष्ठा वाचली असती. लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करणे हे ढोंग आहे, तसेच लोकांच्या भयाने प्रार्थना लपवणे हाही एक प्रकारचा दिखावाच आहे. रमाबाईंनी दोन्ही टाळले. सक्तीचा आरोप किती खरा होता, याचे उत्तर त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एकीच्या जीवनातच मिळते. गोदूबाई नावाची ही बालविधवा शारदा सदनात शिकली आणि हिंदूच राहिली. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली.

केडगावचे माळरान

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना आपले आईवडील आणि बहीण आठवली असणार. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभारून त्यांची सोय करण्यात आली. तेथेच ‘मुक्ती सदन’ आकारास आले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

रोगाने आणि भुकेने खंगलेल्या, जातपात ठाऊक नसलेल्या, काही अत्याचाराला बळी पडलेल्या या मुली होत्या. फुलहॅममध्ये जे पाहून रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या होत्या, तेच त्या आता स्वतः करत होत्या. अशा पीडित स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपा सदन’ उघडले. अंध मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवत असे. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच सांभाळत. १९०५ साली मुक्तीमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मोठमोठ्याने प्रार्थना, अश्रू आणि पश्चात्ताप यांची वर्णने दूरदेशी पोहोचली. परंतु आम्हांस विशेष वाटते ते हे की, त्या दिवसांनंतरही मुक्तीतील चुली पेटतच राहिल्या, शेते नांगरली जात राहिली आणि आजाऱ्यांची शुश्रूषा थांबली नाही. भावनांचा पूर ओसरल्यावर जे उरते, त्यावरूनच श्रद्धेची पारख होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात ऐकू येणे जवळजवळ बंद झालेल्या या पंडितेने आणखी एक काम अंगावर घेतले. साध्याभोळ्या खेडवळ स्त्रियांना समजेल असे बायबल मराठीत असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. ज्यांची संस्कृत वाणी ऐकून कलकत्त्याचे पंडित डोलले होते, त्यांनी आपल्या भाषांतरातून पंडिती शब्द निवडून बाजूला काढले. मिळालेल्या पदव्या प्रभूच्या चरणी वाहणे म्हणजे काय, हे यावरून कळते. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तो आघात सोसून त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या. त्यांचे बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

आपल्यासाठी

आज चामटोली, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. गाव सोडून आलेली ख्रिस्ती कुटुंबे तेथे नव्याने संसार थाटत आहेत. मूळ गावी आजीच्या बोटाला धरून आपोआप होणारी रोझरीची प्रार्थना येथे आपोआप होत नाही. पहाटेची लोकल पकडून कामावर जाणाऱ्याला आपली श्रद्धा रोज नव्याने निवडावी लागते. ही अडचण आहे, परंतु ती एक कृपाही ठरू शकते.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभात मुलीच्या पोशाखावर आणि जेवणावळीवर जेवढा विचार होतो, तेवढा तिच्या प्रार्थनेवर होतो का? सणाच्या मिरवणुकीत पुढे चालणारे आम्ही, शेजारच्या इमारतीतील आजारी म्हातारीच्या दारी कधी गेलो आहोत का? उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या आमच्या जिभेने भावकीतील वैर वर्ज्य केले आहे का? सण, मिरवणूक, उपवास यांत वावगे काही नाही. ती आपल्या श्रद्धेची सुंदर भांडी आहेत. प्रश्न एवढाच की, भांड्यात पाणी आहे की ती केवळ घासूनपुसून फळीवर मांडलेली आहेत?

प्रभू येशूने मंदिरात प्रार्थना करणाऱ्या दोघांचा दाखला सांगितला. त्यातील जकातदाराकडे दाखवण्यासारखे काहीच नव्हते आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. रमाबाईंकडे दाखवण्यासारखे पुष्कळ होते. तरीही आपली ओंजळ रिकामी आहे, हे त्यांनी कबूल केले. त्यानंतरच त्या ओंजळीत केडगावच्या शेकडो मुली मावल्या.

येत्या रविवारी मिस्साला जाल तेव्हा देवळाच्या दारातील पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करताना क्षणभर थांबा. ते पाणी आपल्या स्नानसंस्काराची आठवण आहे. ज्या प्रभूचे नाव आपण लावतो, तो आपल्याला भेटला आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर नकारार्थी आले तरी खचून जाऊ नका. पंडिता रमाबाईंना ते शोधण्यास आठ वर्षे लागली आणि प्रभू तोवर त्यांची वाट पाहत थांबला होता. तो आपलीही वाट पाहत आहे. त्याला ओळखण्याची कृपा आपणा सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.